नवसागराची वाफ आणि मोडीचे तांबे

मंडळी, कल्हईवाला आता गावात क्वचितच येतो. पण ज्यांनी चाळीस-पन्नास पावसाळे पाहिले आहेत, त्यांना त्याचा तो भाता, अंगणात उकरलेला खड्डा आणि निखाऱ्यांवर तापत ठेवलेले पातेले नक्की आठवत असेल. पातेले पुरते तापले की तो चिमूटभर पांढरी पूड आत टाकी आणि कापसाच्या बोळ्याने भराभर चोळी. भसकन पांढरा धूर उठे, भोवती जमलेली पोरे नाक दाबून मागे सरत, आणि धूर निवळतो न निवळतो तोच कथलाची कांडी टेकवून तो आतून चांदीसारखा लखलखीत थर चढवी. ती पांढरी पूड म्हणजे नवसागर.

तापल्या भांड्यावर नवसागराची फाळणी होते. एक वाटा आम्लाचा, तो भांड्यावरचा काळा मळ खाऊन टाकतो. दुसरा वाटा वायूचा, तो नाकाला झोंबतो आणि हवेत उडून जातो. कल्हईवाल्याला पहिल्या वाट्याशी काम. उडून गेलेल्या दुसऱ्या वाट्याची तो पर्वा करीत नसे. आज आपण बोलणार आहोत ते या उडून गेलेल्या वाट्याबद्दल. त्याचे नाव अमोनिया.

हा वास तुम्हांला नवा नाही. दोन दिवस न काढलेल्या गोठ्यात सकाळी पाऊल टाकले की डोळ्यांना पाणी आणतो तो हाच. घेरी आलेल्या माणसाला चुना आणि नवसागर तळहातावर चोळून हुंगवीत, तोही हाच. पण याच झोंबऱ्या वायूने पाण्यात विरघळून जगात केवढा तरी उद्योग केला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. टाकून दिलेल्या वाळूतून त्याने तांबे काढले, लाल मातीतून निकेल काढले, मोडीच्या पितळातून तांबे आणि जस्त वेगळे केले. तो उद्योग कसा सुरू झाला, कोणाच्या हातून वाढला आणि शेवटी कोणाच्या अंगावर आला, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

गोष्ट जुनी आहे. नवसागराला युरोपात ‘साल अमोनियाक’ म्हणत. लिबियाच्या वाळवंटात अमोन देवाचे एक प्रसिद्ध देऊळ होते, त्याच्या नावाशी हे नाव जोडले जाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत आंद्रेआस लिबावियस नावाचा एक विद्वान वैद्य होऊन गेला. १५९७ साली त्याने रसायनशास्त्रावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चुन्याच्या निवळीत नवसागर घातला आणि ते पाणी तांबे असलेल्या धातूच्या भांड्यात राहिले, तर त्याला नीलमण्यासारखा गर्द निळा रंग येतो, ही गोष्ट त्याने टिपून ठेवली. बघा, चुना आणि नवसागर! आपल्या आजीच्या तळहातावरचे औषध तेच. फक्त ते तांब्याच्या भांड्यात पडले, आणि भांड्याच्या अंगातले थोडे तांबे पाण्यात उतरले.

त्यानंतरच्या शतकात इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॉइल याने आणखी एक गंमत पाहिली. अमोनियाच्या पाण्यात तांब्याचा कीस टाकून बाटली गच्च बंद केली, तर निळा रंग हळूहळू फिका पडत नाहीसा होतो. बूच काढून हवा आत शिरू दिली की निळाई पुन्हा वरून खाली उतरू लागते. बॉइलला प्राणवायूचे नाव ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण प्राणवायूचा शोध लागायला अजून शंभर वर्षे होती. पण हवेवाचून हा खेळ चालत नाही, एवढे त्याला नेमके कळले होते. पुढे सगळा कारखाना याच एका निरीक्षणावर उभा राहिला.

मधल्या काळात हा वायू उपद्रवी म्हणूनच गाजला, आणि तोही आपल्याच देशात. ब्रिटिश अमदानीत लष्कराच्या बंदुकांची काडतुसे पितळेची असत. पावसाळ्यापुरती ती कोरड्या जागी ठेवावी म्हणून काही छावण्यांत घोड्यांच्या पागांमध्ये रचून ठेवीत. पाऊस संपल्यावर खोके उघडावेत, तो जिथे गोळी आवळून बसवलेली असे त्या मानेपाशी काडतुसांना बारीक चिरा गेलेल्या. कोणी हात लावलेला नाही, कोणी आपटलेले नाही, तरी पितळ आपोआप तडकलेले! ऋतूबरोबर येणारी म्हणून इंग्रजांनी तिला ‘ऋतूची भेग’ अशा अर्थाचे नाव दिले. कारण काही केल्या सापडेना. अखेर १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया सुटतो, पावसाळ्याच्या दमट हवेतून तो पितळावर बसतो. काडतूस ठोकून-ओढून घडवताना धातूच्या अंगात ताण राहिलेला असतो, आणि नेमक्या त्या ताणलेल्या जागी अमोनिया पितळ पोखरतो. उपाय सोपा निघाला. घडवून झालेले काडतूस बेताने तापवून त्याचा ताण घालवायचा, आणि अर्थातच ते पागेत ठेवायचे नाही.

बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे मुद्दाम सांगावे लागत नाही. तिथे थंडावा आणण्यासाठी अमोनिया खेळवतात, तो पोलादी नळ्यांतून. तांब्या-पितळेची तोटी त्या वाटेवर चालत नाही.

इथे आपल्या गोष्टीचे मर्म आले. अमोनिया पंक्तीत वाढलेले सगळेच खाणारा नव्हे, तो निवडून जेवणारा आहे. तांबे, जस्त, निकेल, कोबाल्ट, चांदी यांच्याशी त्याचे जमते. हवेची जोड असेल तर यांना तो आपल्या पाण्यात उतरवून घेतो. लोखंड, शिसे, कथील, दगड, माती, चुनखडी यांना तो सोडून देतो. आपल्या घरच्या सुपाचेही कामच हे. फोलपट एकीकडे, दाणा एकीकडे. फरक इतकाच की सूप वजन पाहते आणि अमोनिया जात पाहतो.

दुसरे मर्म विरजणाचे. नुसत्या अमोनियाच्या पाण्यात तांबे फार सावकाश विरघळते. पण एकदा थोडे तांबे उतरून पाणी निळे झाले की ते निळे पाणीच पुढच्या तांब्याला विरघळवू लागते. निळ्यातला तांब्याचा एक कण घन तांब्याचा एक कण ओढून घेतो आणि दोघेही रंगहीन होतात. मग त्या पाण्यात हवा सोडायची, म्हणजे दोघेही निळे होतात आणि नव्या दोघांना ओढायला तयार होतात. चमचाभर दह्याने हंडाभर दूध लागते, तसाच हा प्रकार. बॉइलच्या बंद बाटलीतला निळा रंग का गेला आणि हवेने परत का आला, याचे उत्तरही हेच.

आणि तिसरे मर्म, जे सगळ्यांत मोलाचे आहे, ते असे. निळे पाणी वाफेने तापवले की अमोनिया उडून वर जातो आणि तांब्याचा काळा गाळ खाली बसतो. वर गेलेला अमोनिया थंड पाण्यात पुन्हा धरता येतो. म्हणजे मजूर तोच, त्याला रोज नव्याने विकत घ्यावे लागत नाही. तेजाबाचे तसे नसते. ते एकदा धातूशी किंवा दगडाशी जुळले की संपले. अमोनिया मात्र काम करून घरी परत येतो, परतीच्या वाटेवर त्याला गळू दिले नाही तरच. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

इतके सगळे ठाऊक असताना कारखाना निघायला विसावे शतक का उजाडले? कारण अमोनिया महाग होता. दगडी कोळशापासून धूर-वायू आणि कोक करताना तो जोडधंद्यात मिळे, तेवढाच. पुढे १९१३ साली जर्मनीतल्या ओपाऊ येथे हवेतल्या नत्रवायूपासून अमोनिया करण्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांची ही कामगिरी. आपल्या शेतात पडणारे बहुतेक नत्रखत आज याच वाटेने येते. या शतकात अमोनिया हळूहळू कारखानदाराच्या आवाक्यात आला.

१९१६ च्या सुमारास अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, अमोनियाचे कारखाने उभे राहिले.

पहिले ठिकाण अलास्का. तिथल्या बर्फाळ डोंगरांत केनिकॉट येथे तांब्याची मोठी खाण होती. खनिज बाहेर काढण्यासाठी १९११ साली समुद्रापासून १९६ मैलांची आगगाडी बांधून काढली होती. उत्तम खनिज तसेच भरून पाठवीत. पण बरेचसे तांबे चुनखडीच्या जातीच्या दगडात हिरव्या-निळ्या रूपात विखुरलेले होते. ते तेजाबाने का काढू नये? तुम्ही शहाबादी फरशीवर लिंबू पिळून पाहा. चुर्र करून फेस येतो. फरशीचा दगड चुनखडीचा, तो लिंबाचे आम्ल पिऊन टाकतो. केनिकॉटला तेजाब ओतले असते तर ते तांब्यापर्यंत पोहोचण्याआधी दगडानेच संपवले असते. अमोनिया मात्र चुनखडीकडे ढुंकून पाहत नाही. ई. टॅपन स्टॅनर्ड याने तिथे अमोनियाची पद्धत बसवली, आणि ती खाण १९३८ साली बंद पडेपर्यंत वापरात राहिली.

दुसरे ठिकाण मिशिगन राज्यातले, सुपीरियर सरोवराच्या काठी, लेक लिंडन नावाचे गाव. इथली गोष्ट अधिक बोधप्रद आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

त्या भागात तांबे खनिजाच्या रूपात नसून चक्क धातूच्या रूपात खडकात सापडते. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपूर्वीपासून ते खणून हत्यारे आणि दागिने घडवीत. १८६० नंतर तिथे मोठ्या कंपन्या आल्या. त्यांतली कॅलूमेट अँड हेक्ला ही सर्वांत बलाढ्य. खडक वर काढायचा, वाफेच्या प्रचंड मुसळांखाली त्याची वाळू करायची, पाण्याच्या प्रवाहात धुऊन जड तांबे वेगळे करायचे आणि उरलेली वाळू शेजारच्या टॉर्च लेक या तलावात ढकलून द्यायची, असा रोजचा क्रम. पन्नास वर्षे हा क्रम चालला. पण त्या वाळूत बारीक तांबे राहूनच जाई. दगडाच्या कणाला चिकटलेले, डोळ्यांना न दिसणारे, पाण्याबरोबर वाहून जाणारे. आपल्याकडे सराफाच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेणारे झारेकरी असतात ना? त्यांच्या मनात जो विचार येतो, तोच तिथल्या सी. हॅरी बेनेडिक्ट या धातुशास्त्रज्ञाच्या मनात आला. तलावाच्या तळाशी आपल्याच बापजाद्यांनी तांबे फेकून दिले आहे, ते परत का काढू नये?

मग मोठ्या तराफ्यावर बसवलेल्या यंत्राने तलावाच्या तळाची वाळू उपसायला सुरुवात झाली. ती आणखी बारीक दळली. दळून-धुऊनही जे तांबे हाती लागेना, त्या वाळूला १९१६ पासून मोठमोठ्या बंद टाक्यांत अमोनियाचे निळे पाणी पाजू लागले. निळे पाणी वाळूतून झिरपे, तांबे उचली, खाली उतरे. मग वाफेच्या भट्टीत अमोनिया वर आणि तांब्याचा काळा गाळ खाली. गाळ वितळवला की लाल तांबे तयार. शंभर भाग वाळूत एक भागही तांबे नव्हते, तरी ते काढणे परवडू लागले. खोल खाणीत माणूस उतरवायचा नाही, सुरुंग लावायचा नाही, खडक फोडायचा नाही. ते सारे काम मागच्या पिढीने आधीच केले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच कारखान्याला नवे काम मिळाले. पोलादाच्या पत्र्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर दिलेली कात्रणे युद्धसामग्रीच्या कारखान्यांतून निघत. ती भट्टीत वितळवली तर पोलादही बिघडते आणि तांबेही बिघडते. एकात दुसरे मिसळले की दोन्ही मातीमोल. अमोनियाच्या पाण्यात टाकली की वरचा थर विरघळून जाई आणि पोलाद जसेच्या तसे हाती येई. निवडून जेवणाऱ्याचा उपयोग तो हा.

गुरुजनहो, मिश्रधातूचा प्रश्न इथे मुलांना छान समजावता येईल. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दोन्ही अमोनियाच्या पंक्तीतले, म्हणून दोन्ही विरघळतात. मग त्यांना वेगळे कसे करायचे? त्या निळ्या पाण्यात जस्ताचीच थोडी पूड टाकायची. जस्त अधिक उतावळे, ते पाण्यात उडी घेते आणि तांब्याला बाहेर ढकलते. तांबे लालसर भुकटीच्या रूपात खाली बसते. ते गाळून घेतले की मागे उरते जस्ताचे बिनरंगी पाणी. ते तापवून अमोनिया उडवला की जस्ताचा पांढरा साका मिळतो. पितळात कोणी शिसे मिसळले असेल, लोखंडाचा खिळा राहिला असेल, झाळ देताना कथील आले असेल, तर ते सारे पहिल्याच टाकीच्या तळाशी राहते. मोडवाला पितळ हातात घेऊन ‘यात भेसळ आहे’ म्हणून भाव पाडतो ना, त्या भेसळीचा असा चोख हिशोब अमोनिया लावतो.

तांब्यामागून निकेलची पाळी आली. कॅरॉन नावाच्या एका डच शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काळात एक युक्ती बसवली. उष्ण प्रदेशातल्या लाल मातीत निकेल असते, पण लोखंडाच्या राशीत लपलेले. ही माती भट्टीत कोळशाच्या वायूने अशी भाजायची की निकेल धातुरूप होईल आणि थोड्या लोखंडाबरोबर त्याचे मिश्रधातूचे बारीक कण बनतील. मग ते अमोनियाच्या पाण्यात हवेसह घुसळायचे. निकेल विरघळते, लोखंड गंजून गाळ होऊन बसते. दुसऱ्या महायुद्धात पोलादासाठी निकेलची चणचण पडली तेव्हा क्यूबा बेटावर निकारो येथे या पद्धतीचा मोठा कारखाना उभारला गेला.

कॅनडात तर शेतकऱ्याला बरे वाटेल अशी गोष्ट घडली. शेरिट गॉर्डन कंपनीची शेरिडन येथली तांब्याची खाण संपत आली, आणि उत्तरेला लिन लेक येथे निकेल सापडले. कंपनीने जुने गावच उचलले! हिवाळ्यात नद्या-तळी गोठली की घरे घसरगाड्यांवर चढवून ट्रॅक्टरांनी बर्फावरून ओढीत नेली. घरे, दुकाने, शाळासुद्धा. पण त्या खनिजात गंधक फार होता, भट्टीत भाजले तर गंधकाचा विषारी धूर सुटला असता. व्हँकूव्हरच्या विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक फॉरवर्ड यांनी निराळी वाट काढली. खनिज दाबाच्या बंद हंड्यांत अमोनिया आणि हवेबरोबर तापवायचे. तांबे, निकेल, कोबाल्ट पाण्यात उतरतात. लोखंड गाळात जाते. आणि गंधक? तो अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेट होतो. म्हणजे पोत्यात भरून शेतात टाकायचे खत! १९५४ साली फोर्ट सस्कॅचवान येथे हा कारखाना सुरू झाला. धुराड्यातून जे विष म्हणून आकाशात गेले असते, ते गव्हाच्या शेतात गेले. आपल्याकडे बिहारमधल्या सिंद्री येथे, जे आता झारखंडात आहे, १९५१ साली अमोनियम सल्फेटचा मोठा कारखाना सुरू झाला होता. त्या खताची पोती ज्यांनी खांद्यावर वाहिली, त्यांना ही बातमी परकी वाटू नये.

आपल्या देशाचाही या विद्येशी संबंध आहे. समुद्राच्या तळाशी, साधारण पाच किलोमीटर खोलवर, बटाट्यासारखे काळे गोळे पडलेले असतात. त्यांत मँगनीज पुष्कळ, आणि थोडे तांबे, निकेल, कोबाल्ट. गोव्यातल्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोळे हिंदी महासागरातून वर काढले. १९८७ साली संशोधनासाठी समुद्रतळाचा मोठा पट्टा भारताच्या नावाने राखून मिळाला. त्या गोळ्यांतून धातू काढण्याच्या ज्या पद्धती आपल्या शास्त्रज्ञांनी तपासल्या, त्यांत भुवनेश्वरच्या प्रयोगशाळेची अमोनियाची पद्धत महत्त्वाची होती. उदयपूरला रोज पाचशे किलो गोळ्यांवर प्रक्रिया करील असा नमुन्याचा कारखानाही उभारला गेला. ओडिशातल्या सुकिंदा येथील निकेलयुक्त मातीवरही भुवनेश्वरला असेच प्रयोग झाले.

आणि आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये, घरच्या दूरदर्शन संचात जी हिरवी पाटी असते, तिच्यावरच्या तांब्याच्या बारीक वाटाही पुष्कळदा याच अमोनियाने कोरलेल्या असतात. ठेवायच्या वाटेवर कथलाचा पातळ थर देतात. अमोनियाचे पाणी कथलाला हात लावत नाही, उघडे तांबे तेवढे खाऊन नेते. आपल्या गोष्टीची सुरुवात कथलाच्या कल्हईने झाली होती. कल्हई अजून चालूच आहे, फक्त पातेल्याऐवजी पाटीवर.

इथवर ऐकून कोणाला वाटेल, वा, ही तर सोन्यासारखी विद्या! थांबा. लेक लिंडनची गोष्ट आपण अर्धीच सोडली आहे.

१९६८ साली तिथे मोठा संप झाला, खाणी बंद पडल्या आणि कारखान्यांना कुलपे लागली. कामगार गेले, मालक गेले. टाक्या मात्र तिथेच राहिल्या, आणि त्यांत निळे पाणीही राहिले. १९७२ च्या जूनमध्ये त्या टाक्यांतले २७,००० गॅलन, म्हणजे सुमारे एक लाख लिटर, अमोनिया-तांब्याचे पाणी तलावात सुटले. जे पाणी फिरून फिरून घरी येत असे, ते राखणारा कोणी न उरल्यामुळे वाट चुकले. अमोनिया आणि तांबे दोन्ही माशांना घातक. त्या तलावात आधीच शतकभराची सुमारे वीस कोटी टन वाळू पडलेली होती आणि तिने तलावाचा पाचवा हिस्सा तरी भरून टाकला होता. १९८६ साली अमेरिकन सरकारने टॉर्च लेकचा समावेश देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत केला. काठावरच्या वाळूवर माती पसरून गवत लावावे लागले. तांबे विकून आलेला पैसा केव्हाच दूरच्या शहरांत गेला होता. तलाव तिथल्या माणसांच्या वाट्याला आला.

दोष कोणाचा? अमोनियाचा म्हणवत नाही. ज्या टाकीत तो काम करीत होता ती टाकी शेवटपर्यंत सांभाळण्याचा खर्च कोणाच्या वहीत लिहिलेला नव्हता, दोष तिथे आहे.

हे दूर अमेरिकेतले म्हणून सोडून देऊ नका. उत्तर प्रदेशातले मुरादाबाद हे पितळी भांड्यांचे नामांकित शहर. अलीकडच्या वर्षांत तिथे मोडक्या संगणकांच्या आणि मोबाइलच्या हिरव्या पाट्यांची मोड येऊ लागली. त्या पाट्या घराच्या अंगणात, रामगंगेच्या काठी, उघड्यावर जाळायच्या, तेजाबात बुडवायच्या, तांबे ओरबाडून घ्यायचे आणि राख नदीकाठी टाकायची, असे प्रकार पुन्हा पुन्हा उघडकीस आले आहेत. या कामाला बायका असतात, लहान मुले असतात. त्या धुरात शिसे असते, ते मुलांच्या मेंदूवर घाला घालते. उघड्यावरचे तेजाब माणसाच्या हाताला ओळखत नाही. अशा मोडीची जबाबदारी ती वस्तू बनवणाऱ्यावर टाकणारे नियम सरकारने केले आहेत. २०२२ चे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बंद टाकीत, राखणदारीने, निवडून धातू काढण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत अमोनियाच्या पद्धतीवर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे. विद्या आहे, नियम आहेत. पण तुमच्या गावातला बिघडलेला मोबाइल कोणाच्या हाती जातो, यावर बरेच अवलंबून आहे. भावात दहा रुपये जास्त देणारा तो पुढे कुठे जाळतो, हे विचारायला काय हरकत आहे?

जाता जाता गुरुजनांना एक सुचवतो. पगाराच्या दिवसाची वाट न पाहता होणारा हा प्रयोग आहे. लहान काचेच्या बाटलीत थोडे पातळ अमोनियाचे पाणी घ्या, तांब्याच्या तारेचे घासून स्वच्छ केलेले चार-सहा तुकडे टाका आणि अधूनमधून बूच काढून हलवा. मुलांच्या डोळ्यांदेखत निळाई उतरेल. मग बाटली तोंडापर्यंत भरून घट्ट बंद करून ठेवा. काही दिवसांत निळाई ओसरते. बूच काढा, ती परत येते. लिबावियस आणि बॉइल दोघेही तुमच्या वर्गात येऊन गेले असे समजा. पण खिडक्या उघड्या ठेवा, बाटलीत नाक खुपसू देऊ नका, डोळ्यांना जपा. कपडे पांढरे करण्याच्या पावडरीशी अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. चांदीच्या क्षारात अमोनिया घालून परीक्षा घेत असाल तर ते द्रावण त्याच दिवशी पातळ आम्ल घालून निकामी करा. ते साठवून ठेवले तर स्फोट होतो.

आणि प्रयोग संपल्यावर ते निळे पाणी विहिरीकडच्या नाल्यात ओतू नका. जस्ताचा एक तुकडा त्यात टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी तांबे खाली बसलेले मुलांना दाखवा. ते वाळवून कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर तारीख घाला. वर उरलेले पाणीही नीट झाकून निराळ्या बाटलीत ठेवा आणि त्यावर नाव लिहा. मुले विचारतील, ‘गुरुजी, हे आता कशाला ठेवायचे?’ तेव्हा त्यांना टॉर्च लेकची गोष्ट सांगा.